पापनिवेदन आणि दंभ : 'द स्कार्लेट लेटर' व मॅसॅच्युसेट्स वसाहतीची ऐतिहासिक साधने

१

नाथानिएल हॉथॉर्न याची 'द स्कार्लेट लेटर' ही कादंबरी १८५० सालच्या मार्च महिन्यात बॉस्टन येथे प्रसिद्ध झाली. तिचे कथानक मात्र दोन शतके मागचे, १६४२ ते १६४९ या काळातील बॉस्टनमध्ये घडणारे आहे. नवरा दूरदेशी बेपत्ता असताना हेस्टर प्रिन ही स्त्री एका मुलीला जन्म देते. मुलीच्या पित्याचे नाव सांगण्यास ती नकार देते. तिला तीन तास शिक्षेच्या चौथऱ्यावर उभे करण्यात येते, आणि 'ए' हे लाल अक्षर आमरण छातीवर वागविण्याची सजा फर्माविण्यात येते. मुलीचा पिता आर्थर डिम्सडेल हा त्याच नगरातील तरुण धर्मोपदेशक होय. सात वर्षे तो आपले कृत्य लपवितो. हेस्टरचा परतलेला नवरा रॉजर चिलिंगवर्थ हे खोटे नाव धारण करून, वैद्य म्हणून त्याच्या सान्निध्यात राहतो व त्याच्या अंतःकरणाचा ठाव घेत सूड उगवतो.

या कादंबरीवरील समीक्षेचा मोठा भाग तिच्यातील प्रतीकयोजनेकडे व मनोविश्लेषणाकडे वळलेला आहे, आणि ते स्वाभाविकही आहे. इतिहासाच्या अभ्यासकापुढे मात्र निराळा प्रश्न उभा राहतो. डिम्सडेलचा दंभ हा एका दुबळ्या मनुष्याचा स्वभावदोष समजावयाचा, की ज्या धर्मसंस्थेचा तो सेवक होता तिच्या रचनेतून उद्भवलेली ती स्थिती आहे? या प्रश्नाचे उत्तर केवळ कादंबरीच्या पानांत मिळणार नाही. वसाहतीचे कायदे, न्यायालयांचे निवाडे, आणि मॅसॅच्युसेट्सचा पहिला गव्हर्नर जॉन विन्थ्रॉप याने ठेवलेली रोजनिशी यांच्याशी ती ताडून पाहावी लागते.

तशी ती पाहिली असता एक विलक्षण गोष्ट नजरेस येते. प्युरिटन समाजात पापाची कबुली दुर्मीळ नव्हती. ती नित्याची होती, अपेक्षित होती, किंबहुना पुण्यशीलतेचे लक्षण मानली जात होती. म्हणूनच पाप लपविण्यास मौनापेक्षाही कबुलीचा आडोसा अधिक सोयीचा ठरू शकत असे. 'मी पापी आहे' असे म्हणणारा मनुष्य आदरास पात्र होई. 'मी हे कृत्य केले' असे म्हणणारा मनुष्य चौथऱ्यावर चढे. या दोन वाक्यांतील अंतर हाच हॉथॉर्नच्या कादंबरीचा खरा ऐतिहासिक विषय होय.

२

प्रथम कायद्याचा विचार केला पाहिजे. व्यभिचाराला मृत्युदंड देण्याचे मॅसॅच्युसेट्स वसाहतीने १६३१ सालीच ठरविले होते. १६४१च्या 'बॉडी ऑफ लिबर्टीज' या कायदेसंग्रहात ते कलम पुन्हा स्पष्ट शब्दांत आले. विवाहित अथवा वाग्दत्त स्त्रीशी झालेल्या व्यभिचारात स्त्री आणि पुरुष या दोघांनाही देहान्त शिक्षा होती. पुरुष विवाहित असून स्त्री अविवाहित असेल, तर मात्र तो अपराध या कलमाखाली येत नसे. म्हणजे अपराधाची व्याख्याच स्त्रीच्या विवाहावर आधारलेली होती.

ही शिक्षा कागदावरच राहिली असे नाही. १६४४च्या मार्चमध्ये मेरी लॅथम आणि जेम्स ब्रिटन या दोघांना बॉस्टन येथे फाशी देण्यात आले. विन्थ्रॉपने या प्रकरणाची हकीकत सविस्तर नोंदविली आहे. मेरी अवघी अठरा वर्षांच्या आसपासची होती आणि एका वृद्धाशी तिचा विवाह झाला होता. प्रकरण उघडकीस आले ते ब्रिटनमुळे. त्याला अर्धांगाचा झटका आला, त्याबरोबर सदसद्विवेकबुद्धीची भयंकर टोचणी लागली, आणि गुपित पोटात ठेवणे त्याला अशक्य झाले. मेरीने मरणापूर्वी आपला अपराध मान्य केला व आणखी बारा पुरुषांची नावे घेतली. त्यांपैकी पाचजणांना पकडण्यात आले. परंतु त्यांनी इन्कार केला, आणि देहान्ताची शिक्षा झालेल्या स्त्रीच्या शब्दाखेरीज दुसरा पुरावा नसल्यामुळे त्यांच्यावर पुढे काही कारवाई होऊ शकली नाही. लपविलेल्या अपराधाने शरीर खचलेला पुरुष, कबुली देऊन मरणारी तरुणी, आणि इन्काराच्या बळावर सुटून जाणारे इतर पुरुष : कादंबरीत विखुरलेले हे सर्व घटक या एकाच नोंदीत एकत्र सापडतात.

वस्त्रावर अक्षर शिवण्याच्या शिक्षेचे मूळ वेगवेगळ्या ठिकाणी आहे. १६३४ साली मॅसॅच्युसेट्समधील रॉबर्ट कोल्स याला मद्यपानाबद्दल वर्षभर गळ्यात 'डी' हे लाल अक्षर वागविण्याची सजा झाली होती. शेजारच्या प्लिमथ वसाहतीत १६३९ साली डक्सबरीच्या मेरी मेंडेम हिला फटक्यांच्या शिक्षेबरोबर डाव्या बाहीवर चिन्ह लावण्याचा हुकूम झाला. प्लिमथच्या १६५८च्या कायद्याने व्यभिचाऱ्यास दोनदा फटके आणि वरच्या वस्त्रावर 'ए' व 'डी' ही दोन अक्षरे, अशी शिक्षा ठरविली. मेनमधील किटरी येथील एका स्त्रीस १६५१ साली चाळिसास एक कमी इतके फटके व 'ए' या अक्षराचा डाग, अशी सजा फर्माविण्यात आली. ती गरोदर असल्यामुळे प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी ती अमलात आणावयाची होती. खुद्द मॅसॅच्युसेट्समध्ये दोन इंच लांबीच्या 'ए'चा कायदा झाला तो १६९४ साली, म्हणजे कादंबरीतील घटनांनंतर जवळजवळ अर्धशतकाने.

यावरून हॉथॉर्नची पद्धती ध्यानात येते. आपली कथा सेलमच्या जकातघरात सापडलेल्या जुन्या कागदांवर आधारलेली आहे असे तो प्रस्तावनेत सांगतो; ते अर्थातच कल्पित आहे. परंतु जोसेफ फेल्ट याचा सेलमचा इतिवृत्तान्त त्याच्या वाचनात होता. बॉस्टन नगराच्या वर्णनासाठी त्याने कॅलेब स्नो याच्या १८२५ सालच्या इतिहासाचा बारकाईने उपयोग केला हे चार्ल्स रिस्कँप यांनी १९५९ साली दाखवून दिले. काही ठिकाणी त्याने काळाची मोडतोड केली आहे. १६४२च्या जूनमध्ये रिचर्ड बेलिंगहॅम गव्हर्नर राहिला नव्हता. मे महिन्यातच विन्थ्रॉप निवडून आला होता. विन्थ्रॉपचा मृत्यू १६४९च्या मार्चमध्ये झाला. कादंबरीत तो मे महिन्याच्या प्रारंभी होतो. पण हे तपशिलाचे फरक होत. महत्त्वाचा बदल निराळाच आहे. फाशीचा कायदा अमलात असलेल्या वर्षी त्याने आपल्या नायिकेला अक्षराची शिक्षा दिली. त्यामुळे ती जगली, आणि तिच्याबरोबर प्रश्नही जिवंत राहिला. कायद्याप्रमाणे डिम्सडेलच्या मानेभोवतीही फास पडावयाचा. पण त्याच्या मनातील भय फाशीचे असल्याचे कादंबरीत फारसे दिसत नाही. त्याला भय आहे ते प्रतिष्ठा, पद आणि लोकांचा विश्वास नाहीसा होण्याचे. हॉथॉर्नने भयाचे स्थान वधस्तंभावरून उपदेशपीठावर आणले.

३

हे उपदेशपीठ इतके मोलाचे का होते, हे समजण्यासाठी वसाहतीतील मंडळीची घटना पाहावी लागते. इंग्लंडच्या राजमान्य चर्चमध्ये गावातील प्रत्येक मनुष्य जन्मतःच सभासद असे. न्यू इंग्लंडच्या प्युरिटनांना हे मान्य नव्हते. खरी मंडळी म्हणजे ज्यांना ईश्वरी कृपेचा अनुभव आला आहे अशांचाच समुदाय, अशी त्यांची धारणा होती. १६३०नंतरच्या दशकात मंडळीत प्रवेश इच्छिणाऱ्याने आपल्या अंतःकरणात कृपेचे कार्य कसे घडले ते सर्वांसमक्ष निवेदन करावे, अशी प्रथा दृढ झाली. केंब्रिजचा पाळक टॉमस शेपर्ड याने अशी सुमारे पन्नास निवेदने लिहून ठेवली आहेत. त्यांत मोलकरणीही आहेत आणि प्रतिष्ठित गृहस्थही आहेत. शिवाय १६३१पासून मॅसॅच्युसेट्समध्ये मताधिकार मंडळीच्या पुरुष सभासदांपुरताच मर्यादित झाला होता. आत्म्याच्या गुप्त स्थितीचा निवाडा अशा रीतीने नागरिकत्वाशी जोडला गेला.

मंडळी, पाळक, प्रभुभोजन हे शब्द मराठी ख्रिस्ती समाजात रूढ आहेत, आणि ही चर्चपरंपरा महाराष्ट्राला सर्वस्वी अपरिचितही नाही. १८१२च्या फेब्रुवारीत हॉथॉर्नच्याच सेलम गावी, तो सात वर्षांचा असताना, टॅबर्नॅकल चर्चमध्ये पाच मिशनऱ्यांना दीक्षा देण्यात आली होती. त्यांपैकी गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे १८१३ साली मुंबईस पोहोचले आणि अमेरिकन मराठी मिशनचा पाया घातला गेला. प्रत्येक मंडळी स्वायत्त मानणारी ही परंपरा प्युरिटनांपासूनच चालत आली होती.

अंतःकरण दिसत नाही. मग कृपा झाली आहे हे ओळखावयाचे कसे? या प्रश्नावरच १६३७-३८ साली अ‍ॅन हचिन्सनचे प्रकरण उद्भवले. बाह्य सदाचार हा कृपेचा पुरावा होऊ शकत नाही, असे तिचे म्हणणे होते. कर्मांवरून मनुष्य तरला असे ठरवू लागलो तर दांभिकही तरलेला दिसेल, हा त्या म्हणण्याचा तर्कशुद्ध निष्कर्ष होता. १६३७च्या नोव्हेंबरात न्यायसभेने तिला हद्दपारीची शिक्षा दिली, आणि १६३८च्या मार्चमध्ये बॉस्टनच्या मंडळीने तिला बहिष्कृत केले. बहिष्काराची वाक्ये उच्चारणारा पाळक जॉन विल्सन हाच कादंबरीत हेस्टरसमोर उभा राहणारा वृद्ध धर्मोपदेशक होय. ज्या जॉन कॉटनच्या शिकवणीवर ती वाढली होती, त्यानेही त्या सभेत तिला ताकीद दिली. तुरुंगाच्या दाराशी उगवलेले गुलाबाचे झुडूप हचिन्सनच्या पावलांखाली उगवले असावे, अशी दंतकथा हॉथॉर्न पहिल्याच प्रकरणात सांगतो. हा संदर्भ केवळ शोभेचा नाही, हे मायकेल कोलाकर्चिओ यांनी १९७२ साली साधार मांडले. आदरणीय गुरू व्यासपीठावर, शिष्या आरोपीच्या जागी, आणि गुरूने शिष्येला उपदेश करावयाचा, हे दृश्य दोन्ही ठिकाणी एकच आहे.

या संघर्षात हचिन्सनचा पक्ष हरला आणि बाह्य आचार हाच व्यवहारात अंतःस्थितीचा पुरावा ठरला. याचा अर्थ दंभाची जाणीव धर्मोपदेशकांना नव्हती असा नव्हे. शेपर्डने १६३६ ते १६४० या काळात दहा कुमारींच्या दृष्टांतावर जी प्रदीर्घ प्रवचनमाला दिली, तिचा मुख्य विषय मंडळीच्या आत दडलेले दांभिक हाच आहे. प्युरिटन समाज दंभाविषयी बेफिकीर नव्हता. दंभाच्या भयाने तो पछाडलेला होता. परंतु ज्या मानाने हे भय वाढले, त्या मानाने आपण दांभिक तर नाही ना, अशी जाहीर शंका घेणे हेच भक्तीचे लक्षण होऊन बसले. आत्मनिंदेलाही पुण्याचे मोल आले.

४

तथापि, या व्यवस्थेत पतिताला परत येण्याचा मार्ग होता, आणि कादंबरीच्या वाचकाला त्याची कल्पना सहसा येत नाही. राजदंड व धर्मदंड ही दोन वेगळी क्षेत्रे होती. फटके, खोडा, फास हे न्यायाधीशांच्या हाती. मंडळीच्या हाती ताकीद आणि बहिष्कार एवढीच साधने होती. बहिष्कृत मनुष्याने सर्वांसमक्ष आपल्या कृत्याची कबुली दिली आणि ती मनापासून आहे अशी मंडळीची खात्री पटली, तर त्याला परत घेण्यात येई.

कॅप्टन जॉन अंडरहिल याचे प्रकरण या दृष्टीने फार बोधप्रद आहे. १६३७च्या पीक्वॉट युद्धातील हा सेनानी. एका पिंपे बनविणाऱ्याच्या बायकोकडे तो दार बंद करून बसत असे. त्याविषयी विचारणा झाली तेव्हा, ती मानसिक क्लेशात असल्याने आपण तिचे सांत्वन करण्यास जात होतो व तिच्याबरोबर प्रार्थना करीत होतो, असे त्याने सांगितले. दाराआडच्या व्यभिचाराला प्रार्थनेचे पांघरूण घालण्याचे याहून उघड उदाहरण कादंबरीकारालाही सुचले नसते. १६४० साली त्याला बहिष्कृत करण्यात आले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तो बॉस्टनला आला. प्रवचन संपल्यावर पाळकाने त्याला पुढे बोलाविले. एरवी पोशाखाचा मोठा षोकी असलेला हा मनुष्य त्या दिवशी जीर्ण कपड्यांत, गळपट्टीवाचून, मळकी टोपी डोळ्यांपर्यंत ओढून बाकावर उभा राहिला, आणि अश्रू ढाळीत त्याने आपला व्यभिचार, आपला दंभ व आपला गर्व हे नाव घेऊन सांगितले. विन्थ्रॉप लिहितो त्याप्रमाणे अनेकांचे डोळे पाणावले. मंडळीने त्याला परत घेतले.

दुसरे उदाहरण तर खुद्द धर्मोपदेशकाचेच आहे. हॅम्प्टनचा पाळक स्टीफन बॅचिलर याने, वयाच्या ऐंशीच्या सुमारास, शेजाऱ्याच्या बायकोकडे अभिलाषा व्यक्त केली. हे प्रकरण १६४१चे, म्हणजे कादंबरीच्या आरंभाच्या आदल्या वर्षाचे आहे. स्त्रीने नवऱ्याला सांगताच बॅचिलरने साफ इन्कार केला. इतकेच नव्हे, तर त्या दांपत्यावर बदनामीचा उलटा आरोप केला. मात्र प्रभुभोजनाचा विधी जवळ आला तेव्हा त्याचा धीर सुटला व त्याने आपण होऊन कबुली दिली. बहिष्कारानंतर पुढे त्याला मंडळीत परत घेण्यात आले. पाळकपद मात्र त्याला परत मिळाले नाही. किटरी येथे ज्या स्त्रीला 'ए' अक्षराचा डाग देण्याची सजा झाली, ती याच बॅचिलरची उत्तरवयातील पत्नी मेरी होय. एकाच कुटुंबात पुरुषाचा अपराध कबुलीने धुऊन निघाला आणि स्त्रीच्या अपराधासाठी तिच्या देहावर कायमचे अक्षर उमटविण्याचे ठरले.

ही दोन प्रकरणे ध्यानात घेतली म्हणजे डिम्सडेलची कोंडी नेमकी कोठे आहे हे कळते. अंडरहिल सैनिक होता. कबुलीनंतर तो पुन्हा सैनिक राहू शकत होता. पाळकाची गोष्ट निराळी. तो पश्चात्तापाने सभासद म्हणून तरतो, परंतु पाळक म्हणून संपतो. डिम्सडेलला जी गोष्ट गमवावयाची नाही ती नेमकी हीच आहे. आपल्या हातून अजून ईश्वराची सेवा घडू शकते, लोकांचे कल्याण होऊ शकते, अशा युक्तिवादाने तो मौनाचे समर्थन करतो. हा युक्तिवाद सर्वस्वी खोटा नाही, आणि म्हणूनच तो इतका घातक आहे.

५

कादंबरीच्या अकराव्या प्रकरणात हॉथॉर्नने या स्थितीचे जे विश्लेषण केले आहे, ते ऐतिहासिक दृष्ट्या त्याच्या संपूर्ण ग्रंथातील सर्वांत मर्मग्राही होय. डिम्सडेल अनेकदा निर्धार करून उपदेशपीठावर चढतो. आपण सर्वांत नीच, सर्वांत अधम पापी आहोत असे तो मंडळीला सांगतोही. परिणाम काय होतो? कोणी त्याला खाली ओढीत नाही. श्रोत्यांचा आदर दुणावतो. एवढ्या शुद्ध आत्म्याला स्वतःत इतके पाप दिसत असेल तर आमची काय कथा, असे ते म्हणतात. आणि असेच होणार हे त्याला पूर्वीच ठाऊक असते. त्याने अक्षरशः सत्य सांगितले आणि त्याचे असत्य केले. खोली बंद करून तो स्वतःला चाबकाने फोडून काढतो, उपास करतो, रात्री जागून काढतो. पण तेही सर्व बंद दाराआडच. प्रायश्चित्ताचे देहदंड त्याने केले. ज्या एका वाक्याने प्रायश्चित्त पूर्ण झाले असते तेवढे मात्र उच्चारले नाही.

अशा गुप्त व्यथेचे लेख त्या काळात खरोखरीच निर्माण होत होते. पुढे मोल्डनचा पाळक झालेला मायकेल विगल्सवर्थ हार्वर्डमध्ये अध्यापक असताना, १६५३ ते १६५७ या काळात रोजनिशी ठेवीत होता. कामवासनेविषयीची आपली अपराधभावना नोंदविताना तो लघुलिपीचा आश्रय घेई. १६६२ साली याच विगल्सवर्थचे न्यायाच्या अखेरच्या दिवसावरील दीर्घकाव्य प्रसिद्ध झाले आणि ते न्यू इंग्लंडच्या घराघरांत वाचले गेले. जगापुढे न्यायदिनाचे भय वर्णिणारा कवी आणि लघुलिपीत स्वतःला दोष देणारा तरुण हे एकच होते. त्याला दांभिक म्हणणे अन्यायाचे होईल, कारण डिम्सडेलसारखे कृत्य त्याच्याकडून घडल्याचा पुरावा नाही. पण उघड लेखन आणि गुप्त लेखन यांत दुभंगलेले जे मन हॉथॉर्नने कल्पिले, ते त्या समाजात अस्तित्वात होते, एवढे मात्र यावरून सिद्ध होते.

या दुभंगाची परिसीमा कादंबरीच्या उत्तरार्धात दिसते. अरण्यातील भेटीत हेस्टरबरोबर युरोपला पळून जाण्याचे डिम्सडेल मान्य करतो. जहाज चौथ्या दिवशी निघणार आहे हे ऐकून त्याला समाधान वाटते, कारण तिसऱ्या दिवशी निवडणुकीचे प्रवचन त्याला द्यावयाचे असते. नव्या गव्हर्नरच्या अधिकारग्रहणप्रसंगी दिले जाणारे हे प्रवचन न्यू इंग्लंडच्या धर्मोपदेशकाच्या आयुष्यातील सर्वोच्च मान समजले जाई. आपण एकही सार्वजनिक कर्तव्य अपुरे ठेवून गेलो असे लोकांनी म्हणू नये, ही त्याची चिंता! प्रेयसीसह पलायनाच्या तयारीत असलेला मनुष्य कर्तव्यदक्षतेची कीर्ती मागे ठेवू इच्छितो. हॉथॉर्नने येथे उपहासाचा शब्दही जवळजवळ वापरलेला नाही; वस्तुस्थितीच पुरेशी आहे.

अखेर त्या प्रवचनानंतर डिम्सडेल हेस्टर व पर्ल यांच्यासह चौथऱ्यावर चढतो, छाती उघडी करतो आणि तेथेच प्राण सोडतो. सामान्यतः येथे कादंबरीचा नैतिक शेवट झाला असे मानण्यात येते. पण शेवटच्या प्रकरणातील एक तपशील इतिहासकाराने दुर्लक्षू नये. प्रत्यक्ष पाहणाऱ्यांपैकी काही अत्यंत प्रतिष्ठित माणसे पुढे असे सांगू लागतात की, त्याच्या छातीवर कोणतेही चिन्ह नव्हते, त्याच्या शब्दांत हेस्टरशी असलेल्या संबंधाचा मागमूसही नव्हता. ईश्वरापुढे आपण सर्वच पापी आहोत हे शिकविण्यासाठी त्या साधुपुरुषाने पतितेच्या बाहूंत मरण पत्करले. म्हणजे विशिष्ट कबुली अखेर उच्चारली गेली तरी समाज तिचे पुन्हा सर्वसाधारण कबुलीत रूपांतर करतो. पाळकाचे पावित्र्य ही केवळ पाळकाची गरज नव्हती. ती मंडळीचीही गरज होती. दंभ एकट्याने चालत नाही. त्याला श्रद्धाळू श्रोते लागतात.

हेस्टरची स्थिती याच्या नेमकी उलट आहे. तिचे अक्षर सर्वांना दिसते, म्हणूनच काळाच्या ओघात लोक त्याचा अर्थ बदलू शकतात. रोग्यांची शुश्रूषा करणाऱ्या त्या स्त्रीच्या छातीवरील 'ए' कर्तबगारीचा निदर्शक आहे असे काहीजण म्हणू लागतात. उघड झालेल्या अपराधाशी समाज काही व्यवहार करू शकतो. दडलेल्या अपराधाशी तो काहीच करू शकत नाही. अर्थात हेस्टरही सर्वस्वी निष्कपट नाही. चिलिंगवर्थ कोण आहे हे तिने सात वर्षे डिम्सडेलपासून लपविले, आणि त्या मौनाची किंमत त्याला द्यावी लागली.

६

येथे एक आक्षेप संभवतो. संस्थेवर इतका भार टाकला म्हणजे व्यक्तीची जबाबदारी उरत नाही काय? अंडरहिल आणि बॅचिलर यांची उदाहरणे या आक्षेपाचे उत्तर देतात. मार्ग उपलब्ध होता. तो कठीण होता, पण बंद नव्हता. संस्थेच्या रचनेने डिम्सडेलच्या दंभाचे स्वरूप ठरविले. दंभ पत्करण्याचा निर्णय त्याचा स्वतःचाच होता. हॉथॉर्नच्या चित्रणात मंडळीचा पुनःप्रवेशाचा विधी जवळपास लुप्त झाला आहे, आणि त्यामुळे त्याचे प्युरिटन साधनांतील प्युरिटनांहून अधिक काळोखे दिसतात, हेही मान्य केले पाहिजे. सॅम्युएल एलियट मॉरिसन व पेरी मिलर यांच्या १९३०नंतरच्या संशोधनाने हे एकांगी चित्र बरेच दुरुस्त केले.

परंतु हॉथॉर्नला या विषयाकडे खेचणारे कारण केवळ ग्रंथगत नव्हते. त्याचा पूर्वज विल्यम हॅथॉर्न हा वसाहतीचा न्यायाधीश होता व क्वेकर पंथीयांना फटके मारविण्याबद्दल तो कुप्रसिद्ध आहे. विल्यमचा मुलगा जॉन हा १६९२च्या सेलम येथील चेटूकप्रकरणातील एक न्यायाधीश. त्या प्रकरणात एकोणीसजणांना फाशी देण्यात आले आणि जाइल्स कोरी हा वृद्ध दगडांच्या ओझ्याखाली मारला गेला. त्याच न्यायमंडळावर सॅम्युएल स्यूअल हा गृहस्थ होता. १६९६च्या अखेरीस त्याची लहान मुलगी दगावली. १४ जानेवारी १६९७ या जाहीर उपवासाच्या दिवशी बॉस्टनच्या साउथ चर्चमध्ये तो आपल्या जागी उभा राहिला, आणि पाळक सॅम्युएल विलर्ड याने त्याचे निवेदन वाचून दाखविले. सेलमच्या त्या न्यायमंडळाचा स्पष्ट उल्लेख करून त्यातील दोष आणि लज्जा आपल्या माथी घेत असल्याचे त्याने त्यात म्हटले होते. वाचन संपेपर्यंत तो उभाच होता. त्याच साली बारा पंचांनीही क्षमायाचना केली. मुख्य न्यायाधीश विल्यम स्टाउटन याने मात्र चूक मान्य केली नाही. आणि १७१७ साली मृत्यू पावलेल्या जॉन हॅथॉर्नचेही असे कोणतेही निवेदन ज्ञात नाही.

न्यू इंग्लंडच्या इतिहासात ज्याने डिम्सडेलपुढील प्रश्न प्रत्यक्षात सोडविला, असा मनुष्य म्हणून स्यूअलकडे पाहता येते. त्याचेही पद होते, प्रतिष्ठा होती. सर्वांचीच चूक झाली, काळच तसा होता, असे म्हणून सर्वसाधारण पापाच्या आडोशाला राहणे त्याला सहज शक्य होते. त्याने कृत्याचे नाव घेतले. त्यामुळे मेलेले परत आले नाहीत. दोषी ठरविलेल्यांपैकी अनेकांवरील कलंक १७११च्या कायद्याने दूर झाला. त्यांतील शेवटची स्त्री, एलिझाबेथ जॉन्सन, हिला निर्दोष ठरविण्यास मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाला २०२२ साल उजाडावे लागले.

'द स्कार्लेट लेटर'च्या प्रस्तावनेचा पुनर्विचार या संदर्भात केला पाहिजे. १८४९ साली जकातघरातील नोकरी गेल्याच्या कडवट अनुभवामुळे ती लिहिली गेली, एवढाच तिचा अर्थ सामान्यतः घेण्यात येतो. पण त्याच प्रस्तावनेत हॉथॉर्न आपल्या दोन पूर्वजांची कृत्ये एकेक करून सांगतो, त्यांनी पश्चात्ताप केला की नाही हे आपल्याला ठाऊक नाही असे म्हणतो, आणि त्यांचा प्रतिनिधी या नात्याने ती लज्जा स्वतःकडे घेतो. स्यूअलच्या निवेदनाशी असलेले याचे साम्य सहज लक्षात येण्याजोगे आहे. तरुणपणीच त्याने आपल्या आडनावात एक अक्षर वाढवून त्याचे रूप पूर्वजांच्या आडनावाहून वेगळे केले होते. येथे मात्र तेच नाते तो उघडपणे स्वीकारतो. जॉन हॅथॉर्नने जे निवेदन केल्याचे ज्ञात नाही, ते सुमारे दीडशे वर्षांनंतर त्याच्या वंशजाने छापून प्रसिद्ध केले. पाप पूर्वजांचे असल्यामुळे या कबुलीला स्यूअलच्या कबुलीचे मोल नाही, हे खरे. परंतु एका सर्वसाधारण 'प्युरिटन काळा'वर दोष ढकलून न देता नावानिशी आणि कृत्यानिशी ती केलेली आहे, हेही तितकेच खरे. ज्या ग्रंथाचा नायक हेच करण्यास सात वर्षे धजत नाही, त्या ग्रंथाच्या आरंभी ती यावी हा योगायोग समजण्याचे कारण नाही.